जाणाऱ्याला टोकू नये

१

दिव्यानीची नोकरी म्हणजे दिवसभर एकच वाक्य म्हणायचं. "दिव्याकडं पाहा जी, हालू नोका."

एटापल्लीच्या रस्त्याला, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, डोळ्यांचा एक छोटा दवाखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत पूर्वी औषधांची खोकी असायची. दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात ती खोकी हलली, पश्चिमेच्या खिडकीला काळा कागद डकवला गेला आणि तिथं पुण्याहून उसनं आणलेलं यंत्र येऊन बसलं. पेशंटनं हनुवटी टेकवून आतल्या बारक्या लाल दिव्याकडं पाहायचं. दिव्यानीनं डोळ्यात बधिर करणारा थेंब घालायचा, यंत्राच्या टोकाला गारेगार जेल लावायचं आणि ते टोक बुबुळापुढच्या काचेसारख्या पडद्याला अलगद टेकवायचं. मग मॉनिटरवरच्या करड्या धुक्यातून पांढऱ्या रेघा वर यायच्या, केसाहून कितीतरी बारीक. त्या डोळ्यातल्या नसा.

पहिल्या दिवशी त्या पाहून दिव्यानीला हात जोडावेसे वाटले होते. लहानपणापासून माणसांच्या डोळ्यात पाहत आलो आणि तिथं एवढं रान आहे हे कुणी सांगितलंच नाही, असं तिला झालं. पुढं रोजचं झालं. देव रोज दिसला तर त्यालाही माणूस सरक म्हणेल.

यंत्राचे मालक म्हणजे डॉक्टर उपासनी. पुण्याचे, तरुण, मनानं चांगले आणि फोटोंच्या बाबतीत भलतेच काटेकोर. अंगावर बधिर डाग येऊन, गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या माणसांच्या डोळ्यातल्या नसा जिवंत आहेत की मेल्या, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पण फोटो जरा हलला, जरा धुरकट आला की त्यांचा चेहरा उतरायचा. कॉम्प्युटरवर त्यांनी तीन कप्पे केले होते: उत्तम, चालेल, टाकाऊ. "फोटो वाईट असेल तर रोग कितीही चांगला असून काय उपयोग?" असं ते म्हणायचे, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

इथली बोली त्यांना चढत नव्हती. इकडं कुठंकुठं ळ चा र होतो. माणसं "माया डोरा पाहा" म्हणायची आणि डॉक्टर दोरा शोधायचे. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. निघालेल्या माणसाला ते हटकून विचारायचे, "काय काका, कुठे निघालात?"

निघालेल्याला 'कुठे' विचारलं की त्याला टोकलं असं होतं. मग त्या माणसाला तसं पुढं जाता येत नाही. त्यानं परत बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच उठायचं. डॉक्टरांनी विचारलं की म्हातारे गुमान पायरीवर बसत, पाणी मागत. पाण्याचं आणि झाडलोटीचं पाहणारी रुखमा एकदा कावलीच.

"सर, तुमच्यापायी माया माठ रोज रिकामा होते. जानाऱ्याले टोकू नोका ना."

डॉक्टर मनापासून हसले. आणि माठ उचलून निघालेल्या रुखमेला म्हणाले, "बरं बरं. आता कुठे निघालात?"

२

बिघाड प्रथम टाकाऊच्या कप्प्यात दिसला.

सकाळचे फोटो छान यायचे, दुपार कललेली असली तरी छान यायचे. पण ऊन डोक्यावर आलं की काही वेळ प्रत्येकाचा फोटो फिसकटायचा. नसा एका बाजूला ओढल्यासारख्या, ओल्या शाईवरून बोट फिरावं तशा. डॉक्टर म्हणाले, व्होल्टेज. जनरेटर लावला. मग म्हणाले, जेल पातळ झालं असेल. नवी नळी फोडली. शेवटी म्हणाले, "दिव्यानी, तुम्ही पेशंटशी बोलता, त्यामुळे ते हलतात." दिव्यानीनं एक दुपार तोंडाला कुलूप लावून काढली. फोटो तसेच.

टाकाऊ फोटो कुणी पुन्हा पाहत नाही. दिव्यानीनं पाहिले, कारण शिव्या तिला बसत होत्या. माणूस हलतो तेव्हा कसाही हलतो. शिंक आली तर वर, भीती वाटली तर मागं. इथं तसं नव्हतं. म्हातारी असो, गडी असो, डोळा सरकला होता तो उजवीकडंच. अगदी हळू आणि अगदी सारखा.

यंत्र वाकडं झालं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पेशंट दक्षिणेकडं तोंड करून बसायचे. तिनं रुखमेच्या मदतीनं टेबल फिरवलं आणि तोंड उत्तरेकडं केलं. यंत्र वाकडं असतं तर डोळा पुन्हा उजवीकडंच सरकायला हवा होता.

त्या दुपारी सगळ्यांचे डोळे डावीकडं सरकले.

म्हणजे पुन्हा पश्चिमेकडंच. काळ्या कागदाच्या खिडकीकडं. त्या भिंतीपलीकडं तलाव होता, त्याच्यापलीकडं रान.

"तुम्ही दिव्याकडं पाहत होता ना जी?" तिनं भामरागडकडून आलेल्या लालसू नावाच्या पेशंटला विचारलं.

"हव. दिव्याकडंच," लालसू म्हणाला. "दुसरं कुठी पाहू? इथी अंधार हाय."

खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. दिव्यानीनं टेबल पुन्हा होतं तसं लावलं आणि डॉक्टरांना काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? सगळ्यांचे डोळे दुपारी भिंतीपलीकडं काहीतरी पाहतात, आणि त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही, हे?

३

तिला दुसरी काळजी होती, आणि ती घरची होती.

तिचे वडील दादाजी त्याच तलावावर जाळं टाकायचे. डाग त्यांनाही आला होता. गोळ्यांनी तो केव्हाच बरा झाला, पण मेलेली नस काही परत येत नाही. डाव्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं ते त्यांना कळलंच नाही. दुखेना, म्हणून चोळत राहिले, आणि डोळा गेला. आता उरला उजवा. त्याची पापणी नीट मिटत नव्हती. झोपेतही तो अर्धा उघडा राहायचा, आणि तिची आई रंभा रात्री त्यावर ओलं फडकं ठेवायची.

डॉक्टरांनी दिव्यानीला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं. "हे बघा, त्या पडद्यातली एखादी नस जरी जिवंत दिसली तर आपण थेंबांवर निभावू. काहीच दिसलं नाही तर पापणी शिवून टाकावी लागेल. बारीक फट ठेवू. पण डोळा असा उघडा ठेवला तर हाही जाणार. मला एक चांगला फोटो द्या, मी लगेच ठरवतो."

दादाजींना हे कळलं तेव्हा त्यांनी उघड्या डोळ्यावर हात धरून पाहिला. मग म्हणाले, "डोऱ्याले दोरा घालते म्हनता? मंग पानी कसं वाचू, बाई? मासोळी कुठी हाय हे हातानं नाई कळत मले आता. डोऱ्यानंच कळते."

यंत्र लवकरच पुण्याला परत जायचं होतं. आणि दादाजींचा एकही फोटो चांगला येईना.

दुपारचा नाही येत, ठीक. पण त्यांचा सकाळचाही येईना, सायंकाळचाही येईना. दिव्यानीनं त्यांना वेळ सापडेल तेव्हा बसवलं. सगळे फोटो टाकाऊ. चिडून तिनं ते सगळे एका ओळीत लावून पाहिले.

सकाळच्या फोटोत डोळा पार कानाकडं ओढलेला होता, पाठीमागून कुणी येत असावं आणि त्याला पाहायचं असावं तसा. दुपारच्या फोटोत नीट उजवीकडं. सायंकाळच्या फोटोत जवळजवळ समोर. रोज असंच.

इतरांचे डोळे दुपारपुरते ओढले जात होते, ते जवळ आलेलं असताना. दादाजींचा डोळा त्याला लांबून येताना धरत होता आणि लांब जाईपर्यंत सोडत नव्हता. काहीतरी रोज उत्तरेकडून येऊन, तलावाच्या कडेकडेनं, दक्षिणेला जात होतं. घाई नव्हती त्याला. कुणाकडं पाहतही नसावं. नुसतं जात होतं.

४

दिव्यानी काही भोळी नव्हती. चंद्रपूरला राहून ती डोळ्यांचा कोर्स शिकून आली होती, आणि भूतखेत म्हटलं की हसायची. ऊन, तिनं विचार केला. कागदाच्या फटीतून ऊन येत असेल आणि ते दिवसभर सरकत असेल. तिनं कागदावर दुसरा कागद लावला, वर पोतं ठोकलं. ऊन तर दक्षिणेतून जातं, हे तिला ठोकता ठोकताच आठवलं, पण खिळे हातात होते म्हणून तिनं काम पुरं केलं. फोटोंत काडीचा फरक पडला नाही.

तेव्हा तिला तलावावरची एक गोष्ट आठवली. ती लहान असताना बापासाठी भाकर घेऊन जायची. ऊन डोक्यावर आलं की पाण्यात उभे असलेले सगळे गडी माना खाली घालायचे, आणि जाळ्याकडं पाहत काही वेळ उभे राहायचे. बोलायचे नाहीत. तिला वाटायचं, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते म्हणून. तिनं एकदा विचारलंही होतं. झाडू नावाचा म्हातारा ढिवर, मासेमारच तोही, म्हणाला होता, "बाप पाहे खाली, म्हनून मी पाहातो." तेवढंच.

आता दादाजींची पापणी मिटत नव्हती. त्यांना खाली पाहता येत होतं, पण डोळा झाकता येत नव्हता. आणि यंत्रावर बसलं की खालीही पाहता येत नव्हतं. मान कसलेली, डोळा उघडा.

या सगळ्यातून शहाण्या माणसानं काय ते समजून गप्प बसावं. पण दिव्यानीला बापाचा डोळा वाचवायचा होता, आणि ती फोटो काढणारी होती. तिच्या डोक्यात फोटो काढणाऱ्याचाच विचार आला. डोळा दिव्यावरून पश्चिमेला ओढला जातो ना? मग दिवाच पश्चिमेला ठेवावा. ते बरोबर समोर येईल तेव्हा बाबांना त्याच्यासमोर बसवावं. मग डोळा सरकायचं कारणच उरणार नाही.

इतकं सोपं होतं ते. तिला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि रुखमेनं टेबल खिडकीकडं वळवलं. दादाजी दारातच उभे राहिले.

"इकडं तोंड करून?"

"हव, बाबा. आज येईल फोटो."

"खाली पाहून नाई का होत?"

"नाई होत ना. दिव्याकडंच पाहा लागते."

दादाजींनी डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला. "असं जानाऱ्याच्या आडवं नाई बसू, बाई," ते हळूच म्हणाले. पण लेकीनं खुर्ची पुढं सरकवली होती. ते बसले.

५

ऊन डोक्यावर आलं. दिव्यानीनं जेल लावलं, टोक टेकवलं.

धुकं आलं, आणि मग धुकं निघून गेलं.

असा फोटो तिनं कधी पाहिला नव्हता. कोणताही डोळा कितीही धरला तरी जरासा थरथरतोच, नाडी असते, श्वास असतो. हा डोळा थरथरत नव्हता. आणि त्या स्वच्छ काळोखात, उजाड झालेल्या पडद्याच्या कडेला, एक नस होती. बारीक, जिवंत, दोन फांद्यांची. दिव्यानीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, हाय! हाय नस!" ती म्हणाली. दादाजींनी हनुवटी टेकवलेलीच ठेवली.

आनंदाच्या भरात तिनं यंत्राचं चाक फिरवलं. चाक फिरवलं की नजर थराथरानं आत उतरते. नसांच्या खाली ढगांसारखा मधला भाग लागतो, मग मोहोळाच्या खणांसारखी शेवटची ओळ, आणि तिच्यापलीकडं डोळ्यातलं पाणी. तिथं काही नसतं. तिथं मॉनिटर काळा होतो आणि चाक थांबवायचं असतं.

मोहोळाची ओळ गेली. मॉनिटर काळा झाला. मग त्या काळ्यात पुन्हा नसा वर आल्या.

चाक उलटं फिरलं असेल, तिला वाटलं. आपण परत वर आलो. पण बाबांच्या डोळ्यात एकच नस होती. इथं त्या किती होत्या याला सुमार नव्हता. जाड, संथ, सगळ्या एकाच दिशेनं गेलेल्या, एकीच्याही टोकाचा पत्ता नाही. चौकटीत मावेल तेवढाच तुकडा दिसत होता, आणि तो तुकडा एखाद्या फार मोठ्या गोष्टीचा इवलासा कोपरा आहे हे सांगावं लागत नव्हतं. दाराच्या फटीला आपण अलीकडून डोळा लावावा, आणि पलीकडूनही कुणी लावलेला असावा.

तिला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी तिच्या मनात एवढंच होतं की हे सुंदर आहे, आणि आपण याच्यासमोर फार लहान आहोत, आणि हे आपल्याला कुणी दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

खिडकीवरचं पोतं आत फुगलं आणि सावकाश पुन्हा गजांना चिकटलं. बाहेर वाऱ्याचा आवाज नव्हता. रस्त्यापलीकडची धानाची गिरणी चालू होती तीही ऐकू येईना.

मॉनिटर वरपासून खालपर्यंत काळा झाला, आणि परत उजळला. नसा तिथंच होत्या.

दादाजींची पापणी तर हलली नव्हती. ती हलतच नव्हती.

दिव्यानीनं टोक मागं घेतलं. दादाजी खिडकीकडं पाहत तसेच बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी दुपट्टा उचलला आणि त्या उघड्या डोळ्यावर दाबून धरला.

"थांबलं, बाई," ते म्हणाले.

६

डॉक्टर उपासनींनी फोटो पाहिला आणि खुर्चीतून उठून दिव्यानीच्या पाठीवर थाप मारली. "नस जिवंत आहे! शिवायची गरज नाही. आणि हा फोटो, अहो, असा फोटो मी पुण्यातही काढलेला नाही!" आतल्या थरांचे फोटो पाहून मात्र ते म्हणाले, "हे काय? प्रतिबिंब दिसतंय टोकाचं. टाकाऊत टाका."

टेबल तसंच पश्चिमेकडं ठेवायचं त्यांनी फर्मान काढलं. आणि मग फोटो येत राहिले. दुपारचे उत्तम, सकाळचे उत्तम, सायंकाळचे उत्तम. टाकाऊचा कप्पा रिकामा राहू लागला. डॉक्टर शीळ घालत फिरायचे.

एका सकाळी ते बाहेर गेलेले असताना दिव्यानीनं टेबल गुपचूप दक्षिणेकडं फिरवून पाहिलं. पेशंटचा डोळा नीट उजवीकडं सरकला. सकाळी. सायंकाळी पुन्हा पाहिलं, तर तेवढाच उजवीकडं. कानाकडं नाही, समोर नाही. दिवसभर एकाच जागी. तिनं टेबल परत खिडकीकडं केलं. ते आता जात नव्हतं.

घरी दादाजी तलावाकडं पाठ करून बसायचे. डोळ्यावर दुपट्ट्याची गाठ. जेवतानाही सोडेनात.

"डॉक्टरनं डोरा वाचोला, अन् हे बांधून बसले," रंभा लेकीला म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण रडूही होतं. "विचार तूच बापाले."

दिव्यानीनं विचारलं. दादाजींनी दुपट्ट्याची गाठ चाचपली.

"दुपट्ट्यातून बी दिसते ते," ते म्हणाले. "पापनी मिटत नाई ना. डोरा उघडा, तं मी पाहातच राहातो. मी पाहून राह्यलो तवर ते उठत नाई."

"पण काऊन थांबलं?"

"आपुन टोकलं त्याले." दादाजी रागावले नव्हते, हेच दिव्यानीला जास्त लागलं. "इतके साल जात होतं बिचारं आपल्या वाटेनं. कोनी आडवं नाई बसलं, कोनी तोंड वर करून पायलं नाई. मी बसलो समोर. कुठी चाललास म्हनून इचारल्यावानी झालं ते. टोकलं तं मंग काय करते? मानूस असो, कोनी असो. बसते. पानी पेते. मंगच जाते."

रंभा चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं.

"म्हनून तलाव उतरून राह्यला काय जी?" ती म्हणाली.

तेव्हा कुठं दिव्यानीच्या ध्यानात आलं. त्या वर्षी पाऊस भरपूर होता, सांडवा परवापर्यंत वाहत होता, पाळ कुठं फुटली नव्हती. आणि तरीही घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. ढिवर दिवसभर माना खाली घालून उभे असत. फक्त दुपारी नाही, दिवसभर. कशासाठी, ते कुणी बोलत नव्हतं.

७

"मले पाळीवर ने," दादाजी म्हणाले. "पेनं झालं असन तं उठन ते. उठलं का हे सोडतो मी. नाई उठलं तं मंग शिवूनच घ्या लागन. मी पाहाचं थांबल्याबिगर ते जात नाई अन् तलाव बी राहात नाई."

"असं नोका बोलू, बाबा."

"तू फकस्त खाली पाहाय. वर नोको पाहू."

दुपारी दोघं दवाखान्याच्या मागच्या बाजूनं पाण्याशी उतरले. पूर्वी जिथं कमरेइतकं पाणी होतं तिथं आता भेगा पडू लागलेला चिखल होता. दिव्यानी पाण्याच्या काठावर बसली, पायाचा अंगठा पाण्याला लावला आणि अंगठ्याकडं पाहू लागली. दादाजी शेजारी. दुपट्टा बांधलेला, त्यावर हाताचा तळवा दाबून धरलेला, पापणी बाहेरून खाली ओढून ठेवावी तसा.

आवाज नव्हता. तिच्या अंगठ्यापासून पाणी थोडं मागं सरकलं. थांबलं. पुन्हा थोडं सरकलं. लाट अशी जाते आणि येते. हे येत नव्हतं. घोट घेतल्यासारखं जात होतं, आणि मध्ये थांबणं श्वास घेतल्यासारखं होतं. कुणी तहानलेलं गाईगुरू दूरवर उभं असावं तसं, पण एवढ्या तलावाला ते पुरून उरत होतं. दिव्यानीचे डोळे वर जायला पाहत होते. तिच्या नसा सगळ्या जिवंत होत्या, कुठं बधिर डाग नव्हता, तरीही. एकदाच, तिला वाटत होतं. त्या कोपऱ्यापलीकडचं सगळं एकदाच पाहावं, मग काही का होईना. तिनं बापाचा हात धरला. त्या हाताला तिचं धरणं कळत नव्हतं, पण तिला त्याची ऊब कळत होती.

"बाबा, मी चुकलो," ती म्हणाली. इकडं बायाही तशाच बोलतात.

"नाई चुकलीस. बापाचा डोरा वाचवत होतीस."

पाणी सरकलं. थांबलं. मग थांबूनच राहिलं.

दिव्यानी अंगठ्याकडं पाहत वाट पाहू लागली. पाणी जिथं होतं तिथंच होतं. मग पाण्यावरची कमळाची पानं एकाएकी कडेनं उचलली गेली, सगळी एकदम, आणि हळूहळू परत टेकली. तिच्या पाठीवरचं ऊन गेलं, बराच वेळ गेलेलं राहिलं, आणि मग पुन्हा आलं. समोर काहीतरी उभं राहू लागलं होतं, आणि किती वेळ ते उभंच राहत होतं.

"उठून राह्यलं," दादाजी कुजबुजले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "झालं पेनं. निंगालं, बाई. निंगालं."

त्यांनी तळवा काढला. मग दोन्ही हात मानेमागं नेले आणि ती वाकडी, बधिर बोटं गाठ चाचपू लागली. दिव्यानीला रडू आलं आणि हसूही आलं. "थांबा, मी सोडतो," असं म्हणत ती उठली, तिनं बापालाही हात देऊन उठवलं.

मागं दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर उपासनी चहाचा कप घेऊन येऊन उभे राहिले होते. त्या दिवशी ते फार खुशीत होते. पाळीखाली बापलेक उठताना दिसली तसा त्यांनी डोळ्यांवर हात धरून, तलावाच्या पार पलीकडं जाईल एवढ्या मोठ्यानं आवाज दिला.

"काय दादाजी! कुठे निघालात?"

दादाजींची बोटं गाठीवर थांबली.

दिव्यानीनं अंगठ्याकडं पाहिलं. पाणी हललं नव्हतं. मग ते एक घोट मागं सरकलं. थांबलं. आणि पुन्हा सरकलं.

दादाजींनी दुपट्ट्याची गाठ आवळली, चांगली दोनदा, आणि चिखलात होते तिथंच खाली बसले.

"सांग तुया डॉक्टरले," ते म्हणाले. "डोऱ्याले दोरा घाल म्हना. फट नोको. पूरा घाल."

"हव," दिव्यानी म्हणाली, आणि अंगठ्याकडं पाहत राहिली.